‘वीज गेली’ : कर्ता कोण?

तारापूरला १९६९पासून अणुवीज निर्माण होते. त्याच पालघर तालुक्यातल्या एडवणला पावसाळी रात्रीचा अंधार तरीही अपरिचित नाही. केंद्रातली वीज आधी उच्चदाब जाळ्यात जाते. किनाऱ्यावरच्या गावाची भिस्त असते ती खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या शेवटच्या तारेवर.

जर्मनीतील नियामक संस्था तीन मिनिटांहून दीर्घ खंडांची ग्राहकामागे सरासरी दरवर्षी जाहीर करते. अलीकडे ती वर्षाला १० ते १५ मिनिटांच्या दरम्यान असते. आपण मात्र ‘वीज गेली’ म्हणतो, जणू ती स्वेच्छेनेच निघून गेली! आमच्या मते, फरक श्रीमंतीइतकाच हिशेबाचाही आहे. प्रत्येक गावातला खंड मिनिटांत मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. मग या वाक्याला जबाबदार कर्ता मिळेल.