स्वस्त माल्ट : आस्वाद आणि मूल्यमापन

सिंगल माल्टविषयी बोलताना बहुतेक रसिक पेल्याआधी लेबल वाचतात. वयाचा आकडा मोठा आणि किंमत चढी, म्हणजे माल्ट श्रेष्ठ, असा हा सरधोपट निकष आहे. तो आम्हांला मान्य नाही.

स्कॉटलंडमधील एल्गिन गावच्या ग्लेन मोरे या १८९७ पासूनच्या डिस्टिलरीची 'एल्गिन क्लासिक' पाहावी. लेबलावर वय नाही, अल्कोहोल ४० टक्के, किंमत बेताची. पूर्वी बर्बन साठवलेल्या ओकच्या पिंपांत ती मुरते; म्हणून नाकाला प्रथम व्हॅनिला आणि बटरस्कॉच जाणवते, जिभेवर लिंबाच्या सालीची हलकी चव येते. थोडे पाणी घातले की गंध अधिक मोकळा होतो. धुराचा मागमूस नाही. घोटानंतर चव फार रेंगाळत नाही, ही तिची खरी उणीव.

कायद्याने स्कॉच किमान ३ वर्षे मुरावी लागते. लेबलावरचे वय बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. पिंपच थकलेले असेल, तर १८ वर्षेही फारसे काही देत नाहीत. गडद रंगावरही विसंबता येत नाही, कारण कॅरॅमल मिसळण्याची मुभा आहे.

भावगीतात महाकाव्याचा विस्तार नाही, म्हणून आपण त्याला उणे लेखत नाही; त्याने जे योजले ते साधले का, एवढेच पाहतो. या माल्टला तोच न्याय लावावा. तिने सौम्य, स्वच्छ गोडवा योजला आहे आणि तो साधला आहे. केवळ 'नवशिक्यांची' म्हणून तिला बाजूला सारणे, हा आमच्या मते समीक्षेचा आळस आहे.