गॅमेक्सिन पचवणारे जंतू

‘निसर्ग आपली घाण आपणच साफ करतो’ हे वाक्य निबंधांतून हटकून आढळते. ते अर्धेच खरे आहे. गॅमेक्सिनचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या बीएचसी पावडरीचे, उदाहरण पाहा.

हा पदार्थ फॅरडेने १८२५ मध्ये प्रथम बनवला. तो कीटक मारतो हे १९४० च्या सुमारास उमगले. सहा कार्बनांचे कडे, त्याला सहा क्लोरीन. पण क्लोरीन वर की खाली यावरून त्याचे अल्फा, बीटा, गॅमा असे समघटक होतात आणि कीटकांना मारतो तो फक्त गॅमा, म्हणजेच लिंडेन. एक टन लिंडेन वेगळे काढले की आठ ते बारा टन निरुपयोगी समघटक उरत. ते उघड्यावर टाकले जात! भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. पण लखनौजवळच्या उम्मरी गावच्या मातीत हा कचरा त्यानंतरही सापडला.

आता जंतूंकडे वळू. जपानमध्ये आणि भारतात शेतमातीत लिंडेनवर जगणारे जीवाणू मिळाले. त्यांनी ही विद्या ठरवून मिळवली, असे मात्र समजू नका. जनुकांची नक्कल होताना चुका होतात, काही जनुके एका जंतूतून दुसऱ्यात जातात, काही तुकडे जागा बदलतात. अशा उलथापालथीत ज्याच्याकडे उपयोगी जनुके जमली, त्याला इतरांना न पचणारे अन्न मिळाले आणि त्याची प्रजा वाढली. उत्क्रांतीचा धडा शिकवताना जिराफाच्या मानेऐवजी हे उदाहरण घ्यावे, अशी शिक्षकांना माझी सूचना आहे.

पण ही विद्या अपुरी आहे. ‘लिन-ए’ हे एन्झाइम लिंडेनमधून हायड्रोजन व क्लोरीन जोडीने ओढून काढते. बीटामध्ये क्लोरीनची मांडणी अशी असते, की तिथे त्याचे काही चालत नाही. ‘लिन-बी’ क्लोरीन काढून त्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवते. जपानी जंतूचे लिन-बी बीटाचा एकच क्लोरीन काढते, भारतीय जंतूचे दोन. दोन्ही एन्झाइमांत फरक आहे अवघ्या सात ॲमिनो अम्लांचा! तरीही चार क्लोरीन उरतातच.

म्हणून जंतूंच्या भरवशावर कचरा तसाच पडू द्यावा, हे मला पटत नाही. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी असे जंतू वाढवून दूषित मातीत मिसळून पाहिले आहेत. त्यासाठीही आधी दूषित जागा शोधावी लागते, माती तपासावी लागते, तिला ओलावा व हवा पुरवावी लागते. ती कामे जंतू करत नाहीत.