बघायचे कसले पैसे?

पिकअपचा ब्रेक चिकटतोय म्हणून गाडी घेऊन आलेल्या मालकाला दोन गोष्टी आधीच ठाऊक असतात. बिघाड कुठे आहे ही पहिली. बहुधा बूस्टर, कारण शेजारच्याच्या गाडीचाही बूस्टरच गेला होता. आणि बिघाड शोधायचे पैसे द्यायचे नसतात, ही दुसरी. पहिली समजूत मी हसून सोडून देतो. दुसरीवर मात्र लिहायला हवं, कारण आमच्या रस्त्यावरच्या गाड्यांना विनाकारण नवे सुटे भाग बसतात ते तिच्यामुळेच.

माझं गॅरेज आळेफाट्याच्या अलीकडे, कल्याण-नगर रस्त्यावर. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, गावोगावचा भाजीपाला संध्याकाळी भरतो आणि रात्री मालशेज उतरून मुरबाड, कल्याण करत वाशीच्या बाजारात पोचतो. गाड्या साधारण एकाच धाटणीच्या. पुढे डिस्क, मागे ड्रम, मागच्या बाजूला पाटे, हँडब्रेक केबलचा. त्यांच्या ब्रेकमध्ये गूढ असं काहीच नाही. पेडल दाबलं की बूस्टर जोर वाढवतो, मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, चाकाजवळचा पिस्टन बाहेर येतो. पेडल सोडलं की ऑइलने आल्या वाटेने परत जायचं असतं. ते गेलं नाही, किंवा ऑइल गेलं पण पिस्टन मागे सरकला नाही, की ब्रेक चिकटला. शोध घ्यायचा तो एवढ्याच प्रश्नाचा: ऑइल अडकलंय की लोखंड?

ब्रेक लागत नाही म्हटलं की मालक गाडी जागेवर उभी करतो. ब्रेक चिकटतोय म्हटलं की ‘एवढी खेप टाकून येतो’ म्हणतो. त्याच्या हिशेबात चिकटणारा ब्रेक म्हणजे थोडं डिझेल जास्त, थोडा टायर जास्त. पण चिकटलेलं चाक घाटाच्या आधीच तापलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. कित्येक गाड्यांतलं ऑइल घेतल्यापासून बदललेलं नसतं. ते तापून उकळलं की नळीत वाफ होते, आणि ऑइल दाबलं जात नाही तशी वाफ मात्र दाबली जाते. पेडल थेट फळीला जाऊन टेकतं. म्हणजे सुटत नसलेला ब्रेक मालशेजच्या उतारावर लागेनासा होतो. हे दोन वेगळे आजार नाहीत. याशिवाय बेअरिंगचं ग्रीस वितळतं ते वेगळंच.

आता शोधायचं कसं. गाडी तापलेली असताना शोधायचं, हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कमी पाळलं जाणारं. माणूस टोकावड्याला अडकतो, चहा पितो, तासाभराने गाडी आपोआप सुटते, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येते आणि चाक हाताने गरगर फिरतं. ‘इथं बरी दिसतेय’ असं म्हणून मी ती परत पाठवू शकतो. किंवा पेडल न दाबता होईल तितकी चालवून तिला पुन्हा तापवू शकतो. त्याला वेळ लागतो, डिझेल लागतं, आणि मालक म्हणतो, ‘मिस्त्री, फिरायला गेलता का?’

परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्यायचा. न्यायचा म्हणतोय, लावायचा नाही. कोविडमध्ये कपाळावर धरायचे तसला बंदुकीसारखा थर्मामीटर, फक्त जास्त तापमान मोजणारा, आता सहज मिळतो. एकच चाक तापलं असेल तर दोष त्या चाकाशी. मागची दोन्ही तापली तर हँडब्रेकची केबल किंवा मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी होज. पुढची दोन्ही किंवा चारही तापली तर चाकं सोडा आणि वर बघा, म्हणजे पेडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर.

मग इतर चाकांखाली दगड लावून ते चाक जॅकवर घ्यायचं. फिरत नसेल तर पेडलला हात न लावता चाकाजवळचा, एअर काढायचा निप्पल हळूच सैल करायचा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं, तर ऑइल अडकलं होतं. दोन थेंब ओघळले आणि चाक तसंच घट्ट राहिलं, तर लोखंड अडकलंय: गंजलेला पिस्टन, सुकलेल्या कॅलिपर पिना, थकलेली स्प्रिंग, ओढलेली केबल. या एका पान्याच्या फेऱ्याने अर्धी गाडी संशयातून सुटते. नंतर निप्पल बंद करून एअर काढावी लागते, म्हणून हे रस्त्याच्या कडेला हौसेने करायचं काम नाही.

ऑइल अडकलं असेल तर वरून सुरुवात. पुन्हा जाम होऊ द्यायचं, मग मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो बूस्टरपासून थोडासा पुढे ओढायचा. चाकं सुटली तर दोष मधल्या दांड्याच्या लांबीत, बूस्टरमध्ये किंवा पेडलमध्ये. नाही सुटली तर मास्टर सिलिंडरच्या पाइपचा नट सैल करायचा. आता सुटली तर मास्टर सिलिंडर. इथेही नाही आणि खालच्या निप्पललाच सुटतात, तर मधला होज. होज बाहेरून काळाभोर, नवा दिसतो, आतलं रबर फुगून वाट बुजलेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, मागे यायला जोर कोण लावणार?

दांड्याच्या लांबीबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण ही भानगड आम्हा मेकॅनिक लोकांचीच देणगी असते. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे उघडणारं एक बारीक भोक असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ते भोक उघडं पडतं, तापून फुगलेलं ऑइल तिथून टाकीत जातं. नवा बूस्टर टाकताना दांडा जरासा लांब राहिला, किंवा ब्रेकलाइटचा स्विच पेडलला टेकवून बसवला, तर ते भोक झाकलेलं राहतं. गाडी थंड असताना काही कळत नाही. ऑइल तापून फुगायला लागलं की जायला वाट नाही, म्हणून ते पिस्टनच ढकलतं. ब्रेक लागल्यामुळे आणखी ताप, तापामुळे आणखी ब्रेक. ‘सकाळी बरी असते, घाट उतरला की धरते’ असं मालक सांगतो, तेव्हा माझा हात आधी पेडलच्या मुळाशी जातो. बरं, हा बिघाड दुरुस्त करायला सुटा भाग लागतच नाही. लागतो पाना आणि डोळा. मग बिल कशाचं लावायचं?

बिलात ज्याला नाव आणि नंबर आहे त्याचे पैसे मालक बिनतक्रार देतो. मास्टर सिलिंडर खोक्यातून निघतो, हातात वजन लागतं, जुना सोबत घरी नेता येतो. अर्धा दिवस लावून ‘दांडा लांब होता, बरोबर केला’ असं सांगितलं तर तोंड वाकडं होतं. ‘शेठ, बघायला वेळ गेला ना,’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘बघायचे कसले पैसे?’ मग पुढच्या वेळी गॅरेजवाला बघत बसत नाही. पॅड बदलतो, लायनर बदलतो. नाही सुटलं तर कॅलिपर, मग मास्टर सिलिंडर, मग बूस्टर. प्रत्येक भागावर थोडं कमिशन सुटतं, मालकही खूश, गाडीला ‘बरंच काम केलं’ म्हणून. होज सगळ्यांत स्वस्त, म्हणून तो सगळ्यांत शेवटी आठवतो. याला मी लबाडी म्हणणार नाही. ज्या कामाला मोल नाही ते काम माणूस सोडून देतो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला पोरगा आमच्याकडे सहा महिन्यांत शोधायचं विसरतो आणि बदलायला शिकतो.

रागवायचंच असेल तर दुसऱ्या दोन गोष्टींवर रागवावं. पहिली म्हणजे ब्रेकच्या टाकीत हाताला येईल ते तेल ओतणं, आणि ब्रेकचे रबर डिझेलमध्ये धुणं. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. एका टोपणभर इंजिन ऑइलने मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकापर्यंतचं प्रत्येक सील आणि होज निकामी होऊ शकतं, आणि मग खरोखरच सगळं बदलावं लागतं. शंका आली तर टाकीतलं थोडं ऑइल ग्लासभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. यापेक्षा स्वस्त तपासणी माझ्या माहितीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अडकलेल्या चाकाचा पाइप चेपून ते चाक ‘बंद’ करणं आणि ‘आता मुंबई गाठ’ म्हणणं. तीन चाकांच्या ब्रेकवर, भरल्या मालासह, घाटात. असल्या कारागिरीचं कौतुक करणारे मालकही मी पाहिलेत.

मालकांची स्वतःची कारागिरीही आहेच. माल जास्त बसावा म्हणून मागचे पाटे वाढवतात. बऱ्याच पिकअपला मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सलमधलं अंतर कमी झालं, म्हणजे गाडी बसली, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवले की गाडी भरूनही बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. पुढची चाकं तापतात, मालक म्हणतो पुढचे ब्रेक चिकटतात. यात कॅलिपर बदलून काय होणार? पाटे काढा म्हटलं की तो पलीकडच्या गॅरेजात जातो.

पावसाळ्यात तर केबलचंच दुकान. रात्रभर हँडब्रेक ओढून भिजत ठेवलेली गाडी सकाळी मागून हलत नाही. ड्रमवर हातोडी मारून ती सुटते आणि आठवड्याने पुन्हा बसते, कारण गंज केबलच्या आवरणात असतो. सपाटीवर गाडी गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेकला जरा सुट्टी द्या.

फिटनेसचं काय, असं कोणी विचारेल. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ते हवंच. पण होज दोन तपासण्यांच्या मधल्या कुठल्यातरी रात्री फुगतो, आणि त्या रात्री गाडी ज्याच्या दारात उभी राहते तो आरटीओ नसतो, गॅरेजवाला असतो. त्याने शोधावं की बदलावं, हे त्याला पैसे कशाचे मिळतात त्यावर ठरतं.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय. ब्रेकच्या तक्रारीला तपासणीचे पैसे वेगळे, आधी सांगून, पाटीवर लिहून, आणि पुढच्या कामातून ते वजा करत नाही. बदल्यात मालकाने उभं राहून बघायचं. निप्पल उघडला तेव्हा काय झालं, मास्टर सिलिंडर पुढे ओढला तेव्हा काय झालं, ते त्याच्यासमोर. काढलेला भाग त्याच्या हातात, आणि होज असेल तर मधून कापून, आतली बुजलेली वाट दाखवून. आजूबाजूचे गॅरेजवाले म्हणतात, हा गिऱ्हाईक पळवतोय स्वतःचंच. काही पळालेही. बाकीच्यांनी, गाडी कुणाकडेही न्या, मिस्त्रीला एवढं विचारावं: कोणता नट सैल केल्यावर चाक सुटलं? त्याला नटाचं नाव सांगता आलं तर तो मागेल ते तपासणीचे पैसे द्यावेत. ‘आधी पॅड बदलून बघू’ म्हणाला तर चावी परत मागावी, मग टोमॅटोची खेप एक दिवस उशिरा गेली तरी चालेल.