देवळाला सिमेंट फासू नका!

"पिरॅमिडच्या दोन दगडांत ब्लेडसुद्धा जात नाही, म्हणजे ते परग्रहवासीयांनीच बांधले." हा फॉरवर्ड मला दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. पाठवणारे बहुतेक सातारा-सांगलीकडचे, आणि त्यातले निम्मे माझ्यासारखे इंजिनिअर! अहो, फ्लिंडर्स पेट्रीने १८८०-८२ मध्ये मोजून ठेवलंय. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आवरणातले सांधे सरासरी अर्धा मिलिमीटर, आणि तेवढ्या फटीतही मसाला भरलेला. इतर बांधकामांत दोन दगडांवर मिळून डमरूच्या आकाराची खाच खोदायचे आणि त्यात लाकडाचा किंवा तांब्याचा तुकडा ठोकून बसवायचे. परग्रहवासी कसले, पाथरवट होते ते.

बरं, इजिप्त राहू द्या. वाईजवळ किकलीचा भैरवनाथ पाहिलाय? सज्जनगडाखालची परळीची देवळं? या धाटणीत चुना नाहीच. घडीव दगड, एकाला खाच, दुसऱ्याला कूस, आणि वरच्या थराचं वजन. याला 'हेमाडपंती' म्हणून आपण मोकळे होतो. हेमाडपंत तेराव्या शतकातला. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. काम पाथरवटांचं, नाव मंत्र्याचं. (आमच्या प्रोजेक्टमध्येही हेच चालतं. असो.)

माझा राग वेगळाच आहे. पूर्वजांचे गोडवे गाणारे हेच लोक जीर्णोद्धाराची वर्गणी काढतात, आणि पहिलं काम काय करतात? दरजांत सिमेंट! वरून ऑइलपेंट! "मजबूत झालं" म्हणे.

काय डोंबल मजबूत? आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही. भिंतीत मुरलेला पाऊस बाहेर पडतो तो सांध्यांतूनच. ते बुजवले की पाणी आतल्या भरावात साठतं आणि भिंतीला पोट सुटतं. शिवाय हा भूकंपाचा मुलूख, ११ डिसेंबर १९६७ ची कोयना आठवा. कोरडा सांधा हादऱ्यात किंचित सरकतो, घर्षणात जोर जिरवतो. सिमेंटने जखडलेला दगड सरकणार कुठे? तो तडकतो.

अथेन्सलाही हीच हौस झाली होती. जुन्या ग्रीकांनी लोखंडी पट्ट्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या इंजिनिअरने दुरुस्ती करताना शिसं वगळून नुसतं लोखंड घातलं. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर फुटला. मग १९७० च्या दशकापासून ते उपसून टायटॅनियम बसवणं आलं.

"चुना मळणारा माणूस आता मिळतो कुठे?" असं विचारतात. शोधला का कधी? शिखर रंगवायला लाखभर रुपये निघतात ना? त्यातले थोडे जाणकार पाथरवटाला द्या. जिथे चुना होता तिथे चुनाच भरा, जिथे काहीच नव्हतं तिथे काहीच भरू नका. भिंतीतलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढा, छताचं पाणी लांब सोडा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

आणि तो पिरॅमिडचा फॉरवर्ड मला पाठवू नका. आधी आपल्या गावच्या देवळाच्या दरजा बघून या.