लाडू-चकलीची लस

मुलांनो, या वेळी सुगरणीच्या घरट्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलते. मध्येच एक पत्र आलं, आणि त्याचं उत्तर लगेच द्यायला हवं होतं.

पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं. चौथीपर्यंत ती आमच्या शाळेत होती. मग तिच्या बाबांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. मराठी विसरू नये म्हणून ती मला हाताने पत्र लिहिते आणि तिची आई त्याचा फोटो मोबाईलवर पाठवते. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल खुणा करून तो परत पाठवते. बाईंची खोड, दुसरं काय!

तर, त्यांच्या घरी मांजरीची दोन पिल्लं आली आहेत, लाडू आणि चकली. दोघी बहिणी, नऊ आठवड्यांच्या. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीची लस सांगितली, ती द्यायचीच आहे. पण आणखी एक लस आहे, मांजरांच्या ल्युकेमियाची. ती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, असं ते म्हणाले. बाबांचं म्हणणं, पिल्लं तिसऱ्या मजल्यावर घरातच राहणार, मग जास्तीचा खर्च कशाला? आई म्हणते, एवढ्याशा जिवाला किती सुया टोचायच्या? आणि आमची बाई लिहिते, "ल्युकेमिया म्हणजे कॅन्सर ना? मग त्याची लस कशी असेल? आणि लस नाही दिली तर चकली मरेल का? बाई, तुम्ही सांगा."

आता मी पडले डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. मांजरांची डॉक्टर थोडीच आहे! पण "बाई, तुम्ही सांगा" म्हटल्यावर गप्प बसवत नाही. आमच्या तालुक्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, थोडं वाचलं, आणि मग उत्तर लिहायला बसले.

आधी कॅन्सरचा प्रश्न. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. माणसांमध्ये तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या वर्गात कुणाला तो झाला असेल तर खुशाल त्याच्या शेजारी बसा, डबा वाटून खा. मांजरांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्यातला हा आजार एका विषाणूमुळे होतो. तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. तो माणसाला लागत नाही, कुत्र्यालाही नाही. पण विषाणू आहे म्हणूनच त्याच्यावर लस करता आली.

गंमत म्हणजे हा विषाणू सापडला तो ग्लासगोमध्येच! तिथल्या विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेत विल्यम जॅरेट नावाचे शास्त्रज्ञ होते. एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना एकाच तऱ्हेचा कर्करोग झालेला त्यांनी पाहिला. एकाच घरात इतक्यांना? हा काही योगायोग नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर विषाणूसारखे बारीक कण दिसले. हे १९६४ साली प्रसिद्ध झालं. पहिली लस अमेरिकेत १९८५ साली आली. जिथे विषाणू सापडला त्याच गावातून मला त्याबद्दल विचारणारं पत्र येतं आणि मी ते इथे कौलाखाली बसून वाचते, याची मला फार मौज वाटली.

हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. मांजरं एकमेकांना चाटतात, एका ताटलीत खातात, भांडतात, चावतात. आईकडून पिल्लांनाही तो मिळतो. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, काही तासांत मरतो. म्हणजे आपल्या कपड्यांना चिकटून तिसऱ्या मजल्यावर यायची भीती जवळजवळ नाही. इथे बाबांचं बरोबर आहे. पण एकदा तो शरीरात पक्का बसला की घालवणारं औषध नाही. रक्त कमी होतं, प्रतिकारशक्ती ढासळते, कधी कर्करोग होतो. अशी बहुतेक मांजरं तीन-साडेतीन वर्षांत जातात. थोरल्या, धडधाकट मांजराचं शरीर त्याला पुष्कळदा परतवून लावतं. पिल्लांना मात्र ते जमत नाही. जेवढं लहान, तेवढा धोका जास्त.

लसीची दुसरी बाजूही तिला लिहिली. लस आधीच झालेला आजार बरा करत नाही, म्हणून आधी रक्ताच्या थेंबाची तपासणी करून घ्यायची. ती शंभर टक्के राखण करते असंही नाही. लस दिल्यावर पिल्लू एखादा दिवस मलूल होतं. आणि हजारो मांजरांत एखादीला सुईच्या जागी वाईट गाठ येते. हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या १९९१च्या सुमारास लक्षात आलं. म्हणून अनेक डॉक्टर आता सुई मानेमागे न देता पायाला खाली देतात. आईची काळजी अगदीच खोटी नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

मग ठरवायचं कसं? मी तिला उलट विचारलं, "पुढच्या वर्षभरात लाडू-चकलीला कोण कोण चाटणार आहे?" दोघी घरातच राहिल्या, दोघींची तपासणी चांगली आली, तिसरं मांजर येणार नसलं, तर लस नाही दिली तरी चालेल असं म्हणता येतं. पण तिच्याच पत्रात खाली एक ओळ होती. उन्हाळ्यात ते बागवाल्या घरात राहायला जाणार आहेत. दाराला मांजरासाठी झुलती फळी आहे! म्हणजे लाडू बागेत, शेजारचा बोका कुंपणावर. मला वाटलं, आत्ताच दोन डोस द्यावेत, नेहमीच्या लसीच्याच दोन फेऱ्यांत, म्हणजे वेगळी खेप पडत नाही. वर्षाने एक डोस, आणि तेव्हा पुन्हा विचार. आमच्या डॉक्टरांचंही हेच मत पडलं. शेवटचा शब्द अर्थातच त्यांच्या तिथल्या डॉक्टरांचा.

हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं, ते पत्रात लिहिलं नाही. तुम्हाला सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या मनीला तीन पिल्लं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांची झाली की लस द्या. शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते. मी "पुढच्या रविवारी" म्हणत राहिले. असे तीन रविवार गेले. मग एका सकाळी धाकटं ओकायला लागलं. पाण्याच्या वाटीजवळ जाऊन बसे, पण पिईना. सलाइन लावलं. चार दिवसांत तिन्ही गेली. तो ल्युकेमिया नव्हता, मांजरांचा पार्व्हो होता. नेहमीची लस असते ना, ती ह्याचीच. मनी आठवडाभर टोपलीभोवती फिरत होती.

म्हणून पालकांनो, ग्लासगोचं पत्र वाचून तुम्ही इकडे ल्युकेमियाच्या लसीमागे धावू नका. ती हवी का, मिळेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. पण पार्व्होसकट सर्दी-तापाची एकत्र लस येते ती, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची, यांच्यात "विचार करू" नको. ब्रिटनमधल्या कुत्र्या-मांजरांत रेबीज नाही, आपल्याकडे आहे, आणि तो मांजराकडूनही होतो. मुलांनो, मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर घरी बोलणी बसतील म्हणून लपवू नका. जखम साबणाने, नळाखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना काही लावायचं नाही.

परवा ग्लासगोहून उत्तर आलं. तपासणी दोघींची चांगली आली. पहिला डोस झाला. चकली दिवसभर झोपली, लाडूने संध्याकाळी पडदा फाडला. दुसऱ्या डोसाच्या दिवशी आमच्या बाईची गणिताची चाचणी आहे, म्हणून बाबा एकटेच दोघींना घेऊन जाणार आहेत. "लस" शब्द या खेपेला तिने बरोबर लिहिला होता, पण "तपासणी"तला "णी" मात्र ऱ्हस्व!