गल्ल्यावर कोण बसलंय?

परवा रात्री अकरा वाजता महाडहून ताईचा फोन. "अगं, लोक कार्ट भरतात, पत्ता टाकतात आणि पैसे द्यायच्या वेळी पळून जातात! गणपतीच्या ऑर्डरी आहेत गं!"

ताई म्हणजे माझी मावसबहीण. जुलै २०२१च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली, त्यात तिचं दुकानही गेलं. मग तिने ऑनलाइन दुकान थाटलं. आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड. गिऱ्हाईक म्हणजे मुंबई-ठाण्यातले चाकरमानी. ते चाललं, म्हणून दुसरं काढलं: रायगडावर जाणाऱ्या ट्रेकर पोरांसाठी टी-शर्ट आणि टोप्या. पॅकिंग पोलादपूरला, जावेच्या ओटीवर. एकदम सही सेटअप!

घोळ कुठे होता, ते डोंबिवलीच्या एका काकूंनी सांगितलं. "मी आमसुलं घेतेय, मग हे टी-शर्टवाले माझ्याकडे पैसे का मागतायत?" काकूंचं काय चुकलं? दुकान कोकमाच्या रंगाचं, सासूबाईंच्या नावाचं. 'पैसे भरा' दाबलं की समोर काळी स्क्रीन, किल्ल्याचा लोगो आणि भलतंच नाव. दोन्ही दुकानांना ताईने एकच चेकआऊट जोडलं होतं. सायबर फ्रॉडच्या बातम्या रोज वाचणारा माणूस तिथे थांबेल कशाला?

फंडा सिंपल आहे मंडळी. चेकआऊट म्हणजे दुकानाचा गल्ला. महाडच्या पेठेत आपण बिनधास्त नोट पुढे करतो, कारण गल्ल्यावरचा चेहरा ओळखीचा असतो. ऑनलाइन तो चेहरा म्हणजे नाव, लोगो आणि रंग.

मग आम्ही दोघी रविवारी बसलो. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेच्या चेकआऊटला नाव, लोगो आणि बटणाचा रंग प्रत्येक साइटवरून वेगळा पाठवता येतो. शॉपिफायवर दोन स्वतंत्र स्टोअर्स असतील तर दोन्हीकडचं चेकआऊट वेगवेगळं सजवता येतं. सजवा, पण बेताने. पत्त्याचे रकाने आणि पैसे भरायचं बटण नेहमीच्या जागी राहू द्या. मदतीचा फोन नंबर मात्र दोन्हीकडे ठळक हवा.

तरी एक गोची उरलीच. ३० जून २०२५पासून यूपीआय अॅपना व्यक्तीला किंवा छोट्या दुकानदाराला पैसे देताना घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलंच नाव दाखवावं लागतं. फसवणुकीला आळा बसावा म्हणून हा नियम, आणि तो बरोबरच आहे. पण ताईचं खातं सासऱ्यांच्या जुन्या फर्मच्या नावावर! ते रंगरंगोटीने थोडंच बदलणार? मग बटणाच्या वरच साध्या मराठीत एक ओळ टाकली: पैसे भरताना आमच्या फर्मचं हे नाव दिसेल, घाबरू नका. खाली नाव, अगदी बँकेत आहे तस्संच.

तुमच्यापैकी कितीतरी जण ऑफिस सांभाळून केक, कुर्ते, मेणबत्त्या विकताय. एकाची दोन दुकानं झाली असतील तर आज स्वतःच गिऱ्हाईक बना. मोबाइलवरून एक ऑर्डर टाका आणि होम पेजपासून पावतीच्या एसएमएसपर्यंत नाव कुठे बदलतं ते बघा.

काकूंनी पुन्हा ऑर्डर दिली. पैसे आले, पार्सल पोचलं. आणि पुन्हा फोन: "आमसुलं छान आहेत हो, पण खोक्यावर हा किल्ला कसला?"

आता पुढचा रविवार पोलादपूरला, जावेच्या ओटीवर. स्टिकर वेगळे करायला!