घरचे वाहन : थरथरणारे सुकाणू आणि डँपरची बदली

पावसाळा सरला की बेळगाव-खानापूर भागातील मंडळींचे गोव्याकडे जाणेयेणे वाढते. कोणी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरतात, कोणी रामनगरवरून अनमोडचा. चार महिन्यांच्या पावसाने रस्त्याची जी दशा केलेली असते, तिची पहिली झळ गाडीच्या पुढच्या चाकांना लागते. शेतावर जाण्यासाठी ज्यांनी जिप्सी किंवा जुनी जीप बाळगली आहे, त्यांच्या घरून अशा दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी साठ-सत्तरच्या वेगात असता चाक खड्ड्यात आदळते, स्टिअरिंग हातात थडथड उडू लागते आणि गाडी जवळजवळ थांबविल्याखेरीज ते शांत होत नाही. गॅरेजात पुष्कळदा एकच उत्तर मिळते : “डँपर गेला आहे, बदलू या.” हे उत्तर कधी पूर्ण खरे असते, तर कधी अर्धेच. या दोहोंतील अंतर वाहन बाळगणाऱ्या गृहस्थाने ओळखले पाहिजे, कारण त्याच गाडीत मागे मुलेबाळे बसलेली असतात.

स्टिअरिंग डँपर, अथवा स्टॅबिलायझर, ही वस्तू दिसावयास आडव्या ठेवलेल्या शॉक ॲब्सॉर्बरसारखी असते. तिचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला किंवा ॲक्सलला, तर दुसरे चाके वळविणाऱ्या दांड्याला जोडलेले असते. नळकांड्यात तेल असून त्यातून दट्ट्या पुढेमागे सरकतो. तेलाला वाट मिळते ती बारीक छिद्रांतून. म्हणून आपण सावकाश स्टिअरिंग वळविले तर तो फारसा विरोध करीत नाही; पण चाकाने एकाएकी झटका दिला की तेल तितक्या वेगाने निसटू शकत नाही आणि झटका जिरतो. गाडी सरळ ठेवणे हे त्याचे काम नव्हे, आणि झिजलेले सांधे घट्ट धरणे हे तर मुळीच नव्हे.

दोन्ही पुढची चाके एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या गाड्यांना हा प्रश्न विशेष जाणवतो. 1985 साली आलेली मारुती जिप्सी आणि 2023 साली भारतात विक्रीस आलेली जिम्नी या त्याच जातीच्या. जुन्या जीपगाड्यांतही पुष्कळांनी डँपर मागाहून बसवून घेतलेला आढळतो. अशा रचनेत एका चाकाचा धक्का दांड्यावाटे दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. सांधे सैल असले की तो विरण्याऐवजी या चाकाकडून त्या चाकाकडे फेकला जाऊ लागतो, आणि थरथर वाढतच जाते.

म्हणून डँपर बदलण्यापूर्वी थरथरीचे मूळ शोधावे. प्रथम चारही टायरांची हवा पाहावी व पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. मग गाडी चाकांवर उभी असताना एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा न्याहाळावा. जेथे एक भाग हलतो पण त्याला जोडलेला दुसरा क्षणभर मागे राहतो, तेथे झीज आहे असे समजावे. टायरॉडची टोके, पाट्यांचे बुश आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट हे नेहमीचे संशयित होत. त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, टायर वरून व खालून धरून हलवावा. खडखड जाणवली तर चाकाचे किंवा किंगपिनचे बेअरिंग पाहावे लागेल. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ॲक्सलला आडवा धरणारा दांडा असतो, त्याचे बुश व बोल्टही तपासावेत. उंची वाढविलेल्या किंवा मोठे टायर घातलेल्या गाडीत चाकांचे कोनही बिघडलेले असू शकतात.

हे सारे ठीक असेल तर डँपरकडे वळावे. त्याच्या अंगावर तेल ओघळलेले आहे काय, दांडी वाकली आहे काय, रबरी बुश फाटला आहे काय, हे डोळ्यांनीच कळते. एक टोक सोडवून हाताने दाबून व ओढून पाहावे. दोन्ही बाजूंना सारखा, संथ विरोध जाणवला पाहिजे. मध्येच पोकळ लागला तर तो निकामी झाला.

बदलण्याचे काम अवघड नाही. गाडी सपाट जागी, चाके सरळ करून, हँडब्रेक ओढून व मागच्या चाकांना दगडाची उटी देऊन उभी करावी. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे. निमुळत्या टोकाचा सांधा असेल तर कॉटर पिन काढून, नट सैल करून पुलर लावावा. आट्यांवर हातोडी मारू नये. नवा डँपर आखडलेला व पसरलेला अशा दोन्ही स्थितींत लांबीला जुन्याशी ताडून पाहावा. बसविण्यापूर्वी तो चार-सहा वेळा दाबून सोडावा, म्हणजे आत अडकलेली हवा सुटते. दोन्ही टोके प्रथम सैल बसवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. डँपर कोठे अडत नाही ना, ब्रेकच्या नळीला किंवा टायरला घासत नाही ना, याची खात्री करून गाडी चाकांवर उभी असतानाच नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. कॉटर पिन व लॉकनट नवेच घालावेत. शे-दोनशे किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. काही डँपरांत दाबयुक्त वायू भरलेला असतो व ते आपणहून पसरू पाहतात. असा डँपर बसविल्यावर गाडी किंचित एका बाजूस ओढू लागली, तर त्याचे कारण बहुधा तेच असते.

आणखी एक गोष्ट. नवा डँपर सैल सांध्यांची थरथर काही काळ झाकून ठेवतो. मिस्त्रीला वाटते काम झाले, मालकाला वाटते पैसे वाचले. सांधा मात्र झिजतच राहतो, आणि एके दिवशी थरथर पूर्वीपेक्षा अधिक जोराने परतते. सेकंडहँड जीप घेताना बाकी सारे जुने आणि डँपर तेवढा कोरा दिसला, तर आनंद मानण्याऐवजी दोन प्रश्न अधिक विचारावेत.

वाटेत थरथर सुरूच झाली तर स्टिअरिंगशी झुंजू नये व ब्रेकही करकचून दाबू नये. चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग हळूहळू उतरू द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी. घरातील जे जे कोणी ती गाडी चालवितात, त्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवावे. मग सावकाश घरी किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत जावे; घाट दुसऱ्या दिवशी उतरला तरी चालेल.